मोटारीची खोळ

आपल्या घरांत झांकण्याचें शास्त्र फार जुनें आहे. पोथीस बासन, गादीस खोळ, लोणच्याच्या बरणीस दादरा. जी वस्तु जशी, तसें तिचें आवरण. बरणीच्या तोंडास फडकें बांधावयाचें तेथें कोणी मेणकापड आवळीत नाहीं, आणि पोथी कोणी ओल्या धडप्यांत गुंडाळीत नाहीं. हें ज्ञान पुस्तकांतून आलें नाहीं. आई-आजीच्या हाताखालीं वावरतांना तें आपोआप अंगवळणीं पडलें. परंतु दारांत उभ्या असलेल्या मोटारीस मात्र हें शहाणपण आपण लावीत नाहीं. कित्येक लाख रुपये वेंचून मोटार घ्यावयाची, त्यापूर्वीं दोन महिने घरांत खल करावयाचा, आणि तिची खोळ मात्र घरबसल्या चित्र पाहून दोन मिनिटांत मागवावयाची, असा बहुतेक घरांचा परिपाठ आहे. आमच्याहि घरचा तोच होता. त्याचें जें फळ पदरीं पडलें, तें वाचकांस सांगावें म्हणून आजचा हा लेख.

आमचें कुटुंब मोठें. पुण्यांतील जुन्या वाड्याच्या जागीं इमारत झाली, तेव्हां आम्हां सर्व बिऱ्हाडांत मिळून छपराखालची एकच जागा वांट्यास आली. तेथें थोरल्या बंधूंची मोटार असते. नानांची, म्हणजे आमच्या तीर्थरूपांची, मोटार मागच्या बाजूस उंबराखालीं उघड्यावर. उंबर दत्ताचा, तो तोडावयाचा नाहीं हें इमारत बांधतांनाच ठरलें होतें. उन्हाळ्यांत त्याची सावली मिळते हें खरें. पण पिकलीं उंबरें, पक्ष्यांची विष्ठा आणि रात्रीं वटवाघळांचा उच्छाद, हेंहि त्याबरोबर आलें. २०२२ सालच्या जूनमध्यें नाना घसरून पडले, खुब्याचें हाड मोडलें आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांची मोटार चालविणारें दुसरें कोणी नव्हतें. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं हौसेनें एक जाड, चकचकीत, आंतून रबरासारखी लागणारी खोळ मागविली. पाण्याचा थेंबहि आंत जाणार नाहीं, असें तिच्या वेष्टणावर लिहिलें होतें, आणि तें अक्षरशः खरें होतें. आषाढी एकादशीस भर पावसांत, ओल्या मोटारीवरच ती चढविली. सुंभानें आवळली. वाऱ्यानें उडूं नये म्हणून टपावर दोन विटा ठेवल्या. पुढें बावन्न दिवस तिकडे कोणी फिरकलें नाहीं.

३१ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. नाना काठी टेकीत त्या दिवशीं पहिल्यानेंच खालीं आले. गणपति आणावयास दरवर्षीं त्यांचीच मोटार जात असे. चालवील दुसरें कोणी, पण जावी आपलीच, आणि आपण शेजारीं बसावें, एवढीच त्यांची इच्छा. खोळ काढली मात्र, आणि सर्वांचे चेहरे उतरले. टपावर विटांचे चरे, पुढच्या झांकणावर पांढुरके डाग, दारांच्या खालच्या कडेस गंजाची तांबूस रेघ, आंत बैठकींवर बुरशी. बॅटरीहि पार उतरलेली. नाना रागावले नाहींत. रंगावरून बोट फिरवीत एवढेंच म्हणाले, "अरे, झांकलीत खरी, पण एकदां तरी उघडून पाहावयाची होती." त्या वर्षीं गणपति थोरल्या बंधूंच्या मोटारींतून आला. नाना घरींच थांबले.

झालें काय, याचा विचार आम्हीं मागाहून केला. ज्या कापडांतून पाणी आंत जात नाहीं, त्यांतून बहुधा वाफहि बाहेर पडत नाहीं. खोळीखालीं ओल होतीच. शिवाय भिजलेल्या जमिनींतून ती नित्य वर येत होती. दिवसा ऊन पडलें कीं त्या ओलीची वाफ व्हावी, रात्रीं गारवा आला कीं तीच वाफ पत्र्यावर दंव होऊन बसावी, असा खेळ बावन्न दिवस चालला. वस्तुतः मोटार ही पावसांत चालविण्याकरितांच घडविलेली असते. उघड्यावर पडणारें पाणी वाऱ्यानें निथळून वाळून जातें. कोंडलेल्या ओलीस मात्र वाट नसते. मोटारीच्या रंगावरचा जो शेवटचा पारदर्शक थर, तो साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहूनहि बहुधा पातळ. त्याचे खरे वैरी चार: कडक ऊन, कोंडलेली ओल, घांसली जाणारी धूळ आणि पक्ष्यांची आम्लयुक्त विष्ठा. खोळ निवडावयाची ती या चौघांकडे पाहून. केवळ पाऊस अडला पाहिजे असें म्हणणारा मनुष्य एका शत्रूस दाराबाहेर ठेवून दुसऱ्यास घरांत कोंडून घेतो.

ही अडचण आजची नव्हे. १८२३ सालीं ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनीं दोन कापडांमध्यें रबराचा थर घालून जलाभेद्य वस्त्र करण्याचें पेटंट घेतलें. त्याचे अंगरखे पाऊस उत्तम अडवीत, परंतु अंगांतील घामहि बाहेर जाऊं देत नसत. पावसानें न भिजलेला मनुष्य घामानें भिजे. आमच्या कोंकणांतील शेतकऱ्यानें हें कोडें आपल्या परीनें केव्हांच सोडविलें होतें. लावणीच्या वेळीं डोकीवर घेतलेलें इरलें पाठीस चिकटत नाहीं. वरून पाणी ओघळतें आणि खालून वारा खेळतो. घाटावरची घोंगडीची खोळहि तशीच. लोंकर पावसाचा मारा बराच सोसते आणि अंग कोंदटूं देत नाहीं. पुढें १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यांनीं, न चिकटणाऱ्या तव्यावर जो लेप असतो त्याच द्रव्याचा ताणून पापुद्रा केला. त्याचीं छिद्रें इतकीं सूक्ष्म कीं थेंब शिरत नाहीं, पण वाफ निसटते. मोटारीच्या चांगल्या खोळींत आतां हेंच तत्त्व, स्वस्त द्रव्याच्या पापुद्र्यांतून, वापरलेलें असतें.

बाजारांतील खोळी मुख्यतः चार जातींच्या. पहिली पातळ पॉलिएस्टरची, चांदीसारखा लेप दिलेली. हिच्यावर '१९० टी' असें लिहिलेलें पुष्कळदां आढळतें. चौरस इंचांत उभे व आडवे मिळून १९० धागे, एवढाच त्याचा अर्थ. वीण किती दाट तें त्यावरून कळतें, पाणी किती अडेल तें कळत नाहीं. धूळ व विष्ठा यांस ही पुरेशी आहे, मुसळधार पावसांत शिवणींतून झिरपते. दुसरी प्लॅस्टिकचा जाड लेप दिलेली, ताडपत्रीची बहीण. आमचें नुकसान झालें तें हिच्याच पायीं. तिसरी सुती कॅनव्हासची. हिला श्वास आहे, ऊनहि ती चांगलें अडविते. पण भिजली कीं जड होते आणि बुरसते, म्हणून ती छपराखालींच शोभते. चौथी न विणलेल्या तंतूंच्या तीन-चार पदरांची, मध्यें सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा आणि आंतून मऊ अस्तर असलेली. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीस बहुधा हीच योग्य. मात्र तिच्या वरच्या पदरास ऊन सोसणारें द्रव्य दिलेलें आहे ना, हें विचारून घ्यावें. नाहींतर असे तंतु उन्हानें ठिसूळ होतात आणि वर्षा-दोन वर्षांत खोळीचा भुगा हातीं येतो.

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षां घरच्या घरीं परीक्षा करावी. खोळीबरोबर जी लहान पिशवी येते ती बहुधा त्याच कापडाची असते. वाटींत कढत पाणी घेऊन तिच्या तोंडावर हें कापड ताणून धरावें आणि वर थंड स्टीलची ताटली उपडी धरावी. पांच मिनिटांत ताटलीवर वाफेचें सावट आलें तर कापडास श्वास आहे. ताटली कोरडीच राहिली तर कापड मुकें समजावें. मग त्याच कापडाची झोळी करून तींत तांब्याभर पाणी ओतावें आणि खालीं वर्तमानपत्र पसरून तासभर ठेवावें. कागद भिजला नाहीं म्हणजे दुसरी परीक्षाहि उतरली. आंतील अस्तर गालावरून फिरवून पाहावें. गालास जें खरखरीत लागतें तें रंगासहि लागणारच. पसंत न पडल्यास परत घेणार कीं नाहीं, हें आधींच ठरवून घ्यावें.

गांव पाहूनहि निवड बदलते. नागपुराकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. तेथें खरा शत्रु ऊन, म्हणून फिकट रंगाची, ऊन परतविणारी खोळ घ्यावी. पुण्यास वर्षाकाठीं सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि मध्यें मध्यें उघडीपहि मिळते. तेथें वर सांगितलेली चौथी जात उत्तम. मुंबईस २००० मिलीमीटरांहून अधिक आणि रत्नागिरीकडे ३००० च्याहि वर पाऊस, शिवाय समुद्राची खारी हवा. तेथें आषाढ-श्रावणांत खोळ वाळावयास सवडच मिळत नाहीं. अशा ठिकाणीं त्या दोन महिन्यांत मोटार उघडी ठेवावी, अथवा बाजूंनीं मोकळी अशी पत्र्याची पडवी घालावी. हें मोटारीचें इरलेंच होय. खोळ घालण्यापेक्षां न घालणें बरें, असे प्रसंग असतात. ते ओळखणें हाहि शहाणपणाचाच भाग आहे.

आतां मापाविषयीं. खोळ त्याच बनावटीच्या मोटारीसाठीं शिवलेली असावी. सैल खोळ वाऱ्यानें फडफडते आणि दर फडफडीस धूळ रंगावर घांसते. आरशांना खिसे, कडेस लवचिक पट्टी आणि पोटाखालून जाणारा बंद एवढें असलें म्हणजे सुंभ लागत नाहीं आणि विटांची तर आठवणहि नको. वजनाकडे बहुतेकांचें लक्ष जात नाहीं. मध्यम मोटारीस सुमारे २० चौरस मीटर कापड लागतें असें धरलें, तर चौरस मीटरास २०० ग्रॅम वजनाची खोळ कोरडीच चार किलोंची होते. भिजल्यावर ती किती होईल याचा हिशेब वाचकांनींच करावा. म्हणून घरांत हें काम ज्यांच्या हातीं पडणार, त्या सूनबाई असोत वा सत्तरीचे आजोबा, त्यांस आधीं उचलून पाहूं द्यावें. जी खोळ एकट्यास उचलवत नाहीं ती चार दिवसांनीं घडी होऊन कोपऱ्यांत पडते.

वापराचे नियम थोडेच आहेत, पण ते पाळावयाचे आहेत. मोटार धुवून, पुसून, वाळल्यावरच खोळ घालावी. धुळीवर घातलेली खोळ म्हणजे पॉलिश-कागदच. नुकत्याच फिरून आलेल्या मोटारीवर ती घालूं नये, कारण धुराच्या तापलेल्या नळीनें कृत्रिम कापड वितळतें. काढतांना ओढीत नेऊं नये; दोन्ही बाजूंनीं टपावर दुमडून गुंडाळी करावी, म्हणजे आंतली बाजू आंतच राहते. दर आठवड्यास, ऊन पडलेला दिवस पाहून, खोळ उतरवून दोरीवर वाळत टाकावी, दारें उघडून आंत वारा खेळूं द्यावा, आणि पुढचें झांकण उघडून उंदरांनीं बिऱ्हाड तर केलें नाहीं ना तें पाहावें. झांकलेली, हालचाल नसलेली, ऊबदार मोटार त्यांस फार आवडते आणि तारा कुरतडणें हा त्यांचा आवडता उद्योग.

आमची ती रबरी खोळ मागील दारीं सरपणावर गेली. तेथें तिचें काम चोख आहे. मोटारीचा गंज काढून रंग द्यावा लागला. त्याचा खर्च चांगल्या दहा खोळींच्या किंमतीएवढा झाला. टपावरचे दोन चरे मात्र नानांनीं तसेच ठेवावयास सांगितले. नवी खोळ आणली ती त्यांनीं स्वतः उचलून पसंत केलेली. आतां रविवारीं सकाळीं उंबराखालीं खुर्ची टाकून ते बसतात. नातवंडें दोन्ही बाजूंनीं खोळ गुंडाळतात, आणि घडी वांकडी झाली कीं पुन्हां करावी लागते. २०२३ सालीं गणपति त्याच मोटारींतून आला, नाना शेजारीं बसले होते. खोळ पैशानें विकत मिळते; ती उघडून पाहण्याचें काम मात्र घरांतल्याच कोणीतरी आठवणीनें करावें लागतें.