ब्रिटनच्या वर्क व्हिसासाठी आता ‘बी२’ इंग्रजी. पण त्यासाठी नेमके किती शब्द यायला हवेत?

ब्रिटनमध्ये नोकरीसाठी जाऊ पाहणाऱ्यांसाठी इंग्रजीची अट एक पायरी वर गेली आहे. ८ जानेवारी २०२६ पासून ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना बी१ऐवजी बी२ पातळीचं इंग्रजी सिद्ध करावं लागतं.

तुम्ही परदेशी नोकरीबद्दल एकदा सर्च केलं, की ‘३० दिवसांत ५ हजार शब्द’ अशा रील्स समोर येऊ लागतात. हे शब्द पाठ करून बी२ गाठता येतं का? समजून घेऊया.

बी२ म्हणजे काय?

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषेच्या सहा पातळ्या जाहीर केल्या: ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. बी१ असलेला माणूस ओळखीच्या विषयांवर काम भागवू शकतो. बी२ असलेल्याने आपलं मत कारणांसह मांडणं, दुसऱ्याचा मुद्दा खोडणं आणि फारसं न अडखळता बोलणं अपेक्षित असतं.

आयईएलटीएसमध्ये या व्हिसासाठी वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण या चारही भागांत किमान ५.५ बँड लागतो. बी१साठी तो ४ होता. परीक्षा ‘यूकेव्हीआय’ प्रकारची हवी, साधी आयईएलटीएस चालत नाही. निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो.

कोणाला सूट आहे?

पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल, तर एक्टिस या ब्रिटिश संस्थेकडून पडताळणी करून घेऊन परीक्षा टाळता येते. पण नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा इतर कुठूनही मराठीतून पदवी घेतलेल्यांना हा मार्ग उपलब्ध नाही.

नर्सिंगचं गणित वेगळं आहे. नाशिकमध्येच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी घेतलेल्या नर्सला ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. तिथली अट आणखी कडक आहे: आयईएलटीएस दिली तर एकूण ७ बँड, लेखनात किमान ६.५. ही अट पूर्ण करून नोंदणीसाठी पात्र ठरलं, की व्हिसासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही.

मग शब्द किती लागतात?

जेम्स मिल्टन आणि थॉमाई अलेक्सिऊ या संशोधकांनी २००९ मध्ये याचा अंदाज मांडला. इंग्रजीतल्या सर्वाधिक वापरातल्या ५ हजार शब्दांपैकी बी१ पातळीवरच्या लोकांना साधारण २,७५० ते ३,२५० शब्द ओळखता येतात. बी२वर हाच आकडा ३,२५० ते ३,७५० आहे.

म्हणजे नेहमीच्या वापरातल्या शब्दांचा फरक जेमतेम ५०० चा. खरा फरक आहे तो माहीत असलेला शब्द किती नेमका वापरता येतो, याचा. ‘पुट’ तिसरीतल्या मुलालाही माहीत असतो. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणं, हे बी२चं इंग्रजी.

आपण कुठे अडकतो?

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्यामुळे शब्द अगदीच अनोळखी नसतात. अडचण होते ती मराठी वाक्य तसंच उचलून इंग्रजीत ठेवल्यामुळे.

- आपण गृहपाठही ‘करतो’ आणि चूकही ‘करतो’. इंग्रजीत होमवर्कला ‘डू’ लागतं, मिस्टेकला ‘मेक’.
- ‘विषयावर चर्चा’ डोक्यात असल्याने ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं जातं. तिथे ‘अबाउट’ नको.
- ‘जोराचा पाऊस’ म्हणजे ‘स्ट्राँग रेन’ नव्हे, ‘हेवी रेन’.
- आपल्याकडे ‘पासआउट’ झालेला पदवीधर असतो. ब्रिटनमध्ये ‘पास आउट’चा रोजचा अर्थ बेशुद्ध पडणं.

आयईएलटीएसच्या लेखन आणि संभाषणात शब्दसंपदेला एक चतुर्थांश गुण असतात. मोठमोठे शब्द चुकीच्या जागी पेरले, तर तिथेच गुण जातात.

तयारी कशी करायची?

- वहीत सुटा शब्द लिहू नका, जोडी लिहा. ‘डिसिजन’ऐवजी ‘मेक अ डिसिजन’.
- एका शब्दाचं कुटुंब एकत्र लिहा: ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’, ‘इनडिसायसिव्ह’.
- समोर फक्त मराठी अर्थ नको. स्वतःच्या कामाबद्दलचं एक वाक्य लिहा.
- आज लिहिलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने तपासा. अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं.
- शब्दांची यादी हवीच असेल, तर ‘ऑक्सफर्ड ३०००’ इंटरनेटवर मोफत आहे. तिच्यात ए१ ते बी२ अशी पातळीनुसार विभागणी आहे.

किती दिवस लागतील?

केंब्रिजच्या अंदाजानुसार शून्यापासून बी१ गाठायला ३५० ते ४०० तासांचं मार्गदर्शित शिक्षण लागतं, तर बी२साठी ५०० ते ६००. म्हणजे मधल्या पायरीला साधारण २०० तास. रोज एक तास दिला, तरी साडेसहा महिने.

त्यामुळे ‘३० दिवसांत बी२’ असं सांगणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी हा हिशेब जरूर मांडा. आणि परीक्षेची तारीख घेण्याआधी स्वतःची आजची पातळी तपासा. बी१ पक्की नसेल, तर पाठ केलेले ५ हजार शब्दही ५.५ बँड मिळवून देणार नाहीत.