आराखडा रस्त्याचा की प्रवासाचा?

'बहुविध वाहतूक' हा शब्द नियोजनाच्या अहवालांतला. पण त्याचा अर्थ जव्हार-मोखाड्याच्या माणसाला शिकवावा लागत नाही. पाड्यावरून पायी, मग जीप, जव्हारहून एसटी आणि मुंबई गाठायची तर पालघरहून लोकल. एका प्रवासात चार साधने, आणि त्यांतला प्रत्येक सांधा नशिबावर सोडलेला.

हे सांधे आखण्यासाठी शहरांना पैसा मिळतो. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून पुण्याच्या बीआरटीला निधी मिळाला. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका आली. पुढे २०२३ मध्ये नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग उखडण्यातही आला. मार्गिका आखली गेली. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत म्हातारा माणूस पोचणार कसा, याचा विचार मात्र अपुरा राहिला. आराखडा रस्त्याचा झाला, प्रवासाचा नव्हे.

विरळ वस्तीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. शहरात बस चुकली तर काही मिनिटे जातात; मोखाड्यात दिवसाची मजुरी बुडते. जव्हारच्या घाटाला वेगळी मार्गिका नको आहे. गाडीच्या वेळेशी जुळणारी एसटी, फाट्यावर निवारा आणि पाळले जाणारे वेळापत्रक हवे. तेव्हा आखणीचा निधी महापालिकेच्या हद्दीशी थांबू नये. प्रवासी त्या हद्दीशी थांबत नाही.