कोल्ड ब्रूचं यंत्र आणि आपली रात्र

मानकोलीत राहायचं म्हणजे गोदामांच्या शेजारात. नव्या वस्तूचा खोका आधी आपल्याच नाक्यावरून जातो. सध्या लाट कोल्ड ब्रू मेकरची. काचेचा की स्टीलचा, जाळी किती बारीक, एवढंच सगळ्या विचारतात. वेळ कोणी विचारत नाही.

जाडसर दळलेली कॉफी गार पाण्यात 12 ते 18 तास भिजवायची, हे त्याचं काम. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा. म्हणजे रात्र ओलांडणारच. संध्याकाळची उरलेली पोळी सकाळी बासी म्हणून नाकारायची आणि रात्रभर भिजलेलं हे पाणी चालवून घ्यायचं? ‘फ्रिजमध्ये असतं ना!’ फ्रिजमध्ये ठेवल्याने रात्र टळते का? जाळीचंही कौतुक नको. ती चोथा अडवते. पाणी गाळायच्या दुहेरी कापडाचं काम तिचं नव्हे. (पावसाळ्यात तिच्या सांध्यांत अडकलेला चोथा बुरसतो, ते वेगळंच.)

गार कॉफीला माझा विरोध नाही. सकाळी गाळून उकळलेलं पाणी स्टीलच्या मद्रासी फिल्टरमध्ये ओता, अर्ध्या तासात डिकॉक्शन उतरतं. निववा आणि सूर्यास्ताआधी संपवा. थोडी कडू लागेल. लागू दे.