नट पुष्कळ झाले, दिग्दर्शक कोठे आहेत?

जयंतीच्या रात्री आपल्या वस्तीत नाटक होते, जलसा होतो, मुलामुलींची समूहनृत्ये होतात. नटाला टाळ्या मिळतात, गायकाला हार मिळतो, अध्यक्षांचे आभार मानले जातात. परंतु पडद्याआड एक तरुणी घामाघूम होऊन उभी असते. दोन महिने रात्रीची झोप मोडून तिने ती माणसे उभी केलेली असतात. कोणी कोठून यावे, कोणते वाक्य हळू बोलावे, नाचणाऱ्यांची रांग कोठे मोडावी आणि पुन्हा कोठे जुळावी, हे सारे तिने ठरविलेले असते. ‘हे तू कोठे शिकलीस आणि पुढे कोठे शिकणार आहेस?’ असे तिला मात्र कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आपण विचारावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

नाट्यदिग्दर्शन व नृत्यदिग्दर्शन ही केवळ हौसेची कामे नव्हेत. रंगमंचावरील सत्ता दिग्दर्शकाच्या हाती असते. नट बोलतो, पण कोणी बोलावे आणि कोणी मुकाट्याने उभे राहावे, हे दिग्दर्शक ठरवितो. नोकराच्या भूमिकेकडे पाहून प्रेक्षकांनी हसावे की अस्वस्थ व्हावे, हा निर्णय संहितेत निम्माच झालेला असतो. उरलेला निम्मा तालमीत होतो. आपल्याजवळ गळा आहे, तसेच लेखणीही आहे. १९५० च्या दशकात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ रंगमंचावर आले. पुढे दत्ता भगत व प्रेमानंद गज्वी यांच्यासारख्या नाटककारांनी मराठी रंगभूमीला अवघड प्रश्न विचारले. लिहिणारे आले, गाणारे आले, अभिनय करणारेही आले. परंतु दिग्दर्शनाची विद्या पद्धतशीर शिकून तीच आपला व्यवसाय करणारे आपल्यांत अद्याप पुरेसे झाले नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे आपल्यापैकी पुष्कळ आईबाप म्हणतील, “वकीलसाहेब, नाचगाण्यातून आम्ही मोठ्या कष्टाने बाहेर पडलो. आता मुलांना पुन्हा त्याच वाटेने का पाठवावे?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तमाशाच्या फडात ज्यांच्या आज्या-पणज्यांचे आयुष्य उचल फेडण्यात गेले, त्यांना ही शंका यायचीच. परंतु जन्माने लादलेली कला आणि स्वतः निवडून, शिकून, कराराने केलेला व्यवसाय ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या प्रकारात माणूस कलेच्या नावाखाली बांधला जातो. दुसऱ्या प्रकारात तो तिचा धनी होतो. मुलीने नाचू नये म्हणून दार लावून घेण्यापेक्षा, नाचाची रचना करण्याचा अधिकार तिच्या हाती यावा म्हणून तिला शिकविणे हाच खरा पालट होय.

शिकण्याची सोय कोठे आहे, हे आता पाहू. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय संगीत नाटक अकादमीने १९५९ साली स्थापन केले आणि १९७५ पासून ते स्वतंत्र संस्था म्हणून चालते. तेथील अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ आहे. त्यात अभिनयाबरोबर दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना व वेशभूषा ही अंगे शिकविली जातात. विद्यार्थ्यांना मासिक शिष्यवृत्ती मिळते व प्रवेशात राखीव जागा असतात. प्रवेशासाठी पदवी लागते आणि पूर्वी नाटकांत काम केल्याचा अनुभवही दाखवावा लागतो. म्हणून आमची सूचना अशी की, वस्तीतल्या वा महाविद्यालयातल्या प्रत्येक प्रयोगाची हस्तपत्रिका व छायाचित्रे आणि वर्तमानपत्रात आलेली बातमी आजपासून एका फाईलीत जपून ठेवावी. कोर्टात जसा पुराव्याचा कागद, तसाच येथेही. बीड जिल्ह्यातील खेड्यातून निघालेल्या वामन केंद्रे यांनी १९८२ साली ह्याच विद्यालयाचा अभ्यासक्रम पुरा केला. १९८७ साली त्यांनी जोगतिणींचे जिणे दाखविणारे ‘झुलवा’ बसविले आणि २०१३ साली ते त्याच विद्यालयाचे संचालक झाले. खेड्यातून दिल्लीपर्यंतची वाट बंद नाही, एवढे ह्यावरून सिद्ध होते.

दिल्लीच गाठली पाहिजे असे नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्य, नृत्य व संगीत ह्या तिन्ही विषयांत विद्यापीठाची पदवी मिळते. मुंबई विद्यापीठाने २००३ साली नाट्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभारला. मुंबईतच कनक रेळे यांनी स्थापिलेल्या नालंदा नृत्यकला महाविद्यालयात शास्त्रीय नृत्याचे पदवी शिक्षण मिळते. शेजारच्या कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू ह्या लहानशा खेड्यात १९४९ साली ‘नीनासम्’ ही संस्था निघाली व १९८० साली तिने आपले नाट्यशिक्षण केंद्र सुरू केले. सुपारीच्या बागांमधले ते खेडे नाटकासाठी देशभर ओळखले जाते. शिक्षणाचे माध्यम कन्नड असल्यामुळे आपल्या मुलांना तेथे सरसकट धाडता येणार नाही. परंतु खेड्यात राहून रंगभूमीचे उच्च शिक्षण देता येते, हा धडा आपल्या जिल्ह्यांनी अवश्य घ्यावा. ज्यांना घर सोडणे शक्य नाही त्यांच्यासाठी राज्य नाट्यस्पर्धा आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी १९६३ पासून चालत आलेली पुण्याची पुरुषोत्तम करंडकासारखी एकांकिका स्पर्धा आहे. तिथे विद्यार्थीच दिग्दर्शक असतो आणि चूक करण्याची मुभा त्याला मिळते. शिकणाऱ्यास ही मुभा अन्नाइतकीच आवश्यक असते.

पैशाची सोय विचाराल, तर केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना पाहाव्यात. १८ ते २५ वर्षांच्या तरुण कलावंतांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. २५ ते ४० वर्षांच्या कलावंतांसाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आणि त्यापुढच्या वयासाठी वरिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे. रकमा व अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. संगीत नाटक अकादमीने तरुण कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या नावाचा युवा पुरस्कार २००६ साली सुरू केला. त्यातही नाट्य व नृत्य हे विषय आहेत.

परंतु वाचकहो, खरी अडचण शाळेत नसून शाळेबाहेर पडल्यानंतर आहे. वकिलीची सनद घेतलेला मुलगा ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी करतो. डॉक्टर झालेला मुलगा रुग्णालयात उमेदवारी करतो व त्याला विद्यावेतन मिळते. नवशिक्या दिग्दर्शकाची उमेदवारी मात्र बहुधा बिनपगारी असते. तो मोठ्या दिग्दर्शकाच्या हाताखाली चहा आणतो, तालमीची वही लिहितो, गैरहजर नटाच्या जागी उभा राहतो आणि शेवटच्या गाडीने घरी जातो. ज्याच्या बापाचे पुण्या-मुंबईत घर आहे तो ही उमेदवारी पाच वर्षे करू शकतो. ज्याची आई धुणीभांडी करून घर चालविते तो सहा महिन्यांत नोकरी धरतो. मग लोक म्हणतात, ‘त्याच्यात चिकाटी नव्हती.’ चिकाटी पुष्कळ होती, खोलीचे भाडे नव्हते! गुणवत्तेच्या नावाने जी निवड होते ती पुष्कळदा भाडे भरण्याच्या ऐपतीची निवड असते, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

दुसरी अडचण कागदाची आहे आणि ती आमच्या व्यवसायातली असल्यामुळे जरा विस्ताराने सांगतो. काही वर्षांपूर्वी एक तरुण नृत्यदिग्दर्शिका आमच्याकडे आली. तिने एका संस्थेसाठी चाळीस मिनिटांचे नृत्यनाट्य रचले होते. पुढल्या वर्षी तेच नृत्यनाट्य दुसऱ्याच्या नावाने झाले. करार नव्हता, पत्र नव्हते, पावतीही नव्हती. सुदैवाने तिच्याजवळ तालमीची वही होती. त्या वहीत तिने प्रत्येक प्रवेशाची आकृती काढून ठेवली होती आणि मोबाईलवर घेतलेले चित्रणही होते. त्या बळावर पुढच्या प्रयोगांच्या हस्तपत्रिकेत तिचे नाव आले. मोबदला मात्र मिळाला नाही, कारण तो ठरल्याचा एकही कागद नव्हता.

ती वही इतकी मोलाची का ठरली? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २ मध्ये नाट्यकृतीची जी व्याख्या आहे तीत नृत्यरचनेचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु अट अशी की, ती रचना लिहून किंवा अन्य रीतीने निश्चित स्वरूपात नोंदलेली असावी. केवळ डोक्यात वा पायांत असलेल्या नाचाला हे संरक्षण नाही. ह्याचा अर्थ इतिहासात पाहा. तंजावरच्या सरफोजीराजांनी मराठीत नृत्यरचना लिहविल्या, त्यांची हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली, म्हणून विसाव्या शतकात पार्वतीकुमार यांना त्या पुन्हा रंगमंचावर आणता आल्या. उलट फडाफडांतून ज्या स्त्रियांनी लावणीच्या अदा घडविल्या, त्यांपैकी कितीजणींची नावे आज आपणांस ठाऊक आहेत? राजाचा नाच कागदावर गेला, फडातला नाच हवेत विरला.

नाट्यदिग्दर्शकाची स्थिती त्याहून नाजूक आहे. कायद्यात नाटककाराला लेखक म्हणून हक्क आहेत. नट, गायक, नर्तक ह्यांना १९९४ च्या व २०१२ च्या दुरुस्त्यांनी प्रयोगकर्त्याचे हक्क मिळाले. रंगभूमीवरील दिग्दर्शकाचे नाव मात्र त्या व्याख्यांत कोठेही घेतलेले नाही. म्हणून त्याचे खरे संरक्षण म्हणजे त्याचे करारपत्र. मानधन किती व केव्हा मिळेल, किती प्रयोगांपर्यंत मिळेल, हस्तपत्रिकेत नाव कोठे येईल, त्याचीच मांडणी घेऊन दुसऱ्याने नाटक पुन्हा बसविल्यास काय, ही चार कलमे एका पानावर मावतात. नृत्यरचनेसारख्या कृतीचे हक्क कोणास द्यावयाचे असतील, तर कलम १९ प्रमाणे ते लेखी व सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षांची समजली जाते. सही करण्यापूर्वी मुदत वाचा. ‘आपल्याच माणसांचे काम आहे, कागद कशाला?’ असे कोणी म्हणाल्यास त्याला नम्रपणे सांगा की, आपल्या माणसांत वितुष्ट येऊ नये म्हणूनच कागद करावयाचा असतो.

मग कर्तव्य काय? सरकारकडे आमची मागणी अशी की, प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी निदान एका नवोदित नाट्यदिग्दर्शकास व एका नृत्यदिग्दर्शकास वर्षभराचे उमेदवारी वेतन द्यावे. तसेच सार्वजनिक नाट्यगृहे सकाळच्या रिकाम्या वेळी तालमींसाठी अल्प भाड्याने खुली करावीत. उत्सव पुष्कळ होतात, पारितोषिके पुष्कळ वाटली जातात; पण माणूस घडतो तो तालमीच्या खोलीत. त्या खोलीसाठी मात्र पैसा निघत नाही.

सरकारची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. आपल्या उत्सव समितीने ध्वनिक्षेपकावर होणाऱ्या खर्चातील थोडा भाग राखून वस्तीतील एका तरुणास वा तरुणीस दरवर्षी नाट्य-नृत्य शिबिरास पाठवावे. नाटक बसविणाऱ्यास मानधन द्यावे, मग ते पाचशे रुपये का असेना, आणि त्याची पावती घ्यावी. हस्तपत्रिकेवर दिग्दर्शकाचे नाव छापावे. आणि आईबापांनो, मुलाला वकील वा इंजिनिअर करावयाचे म्हणून जी वर्षे आपण पोटाला चिमटा घेऊन काढता, त्यांतली तीन वर्षे दिग्दर्शन शिकू इच्छिणाऱ्या मुलीलाही द्या.

येत्या जयंतीला नाटक संपल्यावर पडद्याआड जा. तेथे उभ्या असलेल्या त्या मुलीला तिचे नाव विचारा, ती कोठे शिकली ते विचारा आणि पुढच्या प्रवेशअर्जाची तारीख तिच्याबरोबर बसून शोधा.