मुठीतली नखं आणि मनगटातलं पातं



‘असॅसिन्स क्रीड’ हा व्हिडिओ गेम तुमच्यातल्या पुष्कळ जणांना ठाऊक असेल. स्वतः खेळला नसेल, तर दादाला किंवा ताईला खेळताना पाहिला असेल. २००७ साली त्याचा पहिला भाग आला. त्यातला अल्तैर नावाचा नायक बाहीत एक पातं लपवतो. हात झटकला की खट्ट! मनगटाखालून पातं बाहेर. पाहताना भारी वाटतं, खरं ना? आज त्या पात्याची जरा परीक्षाच घेऊ या.

फूटपट्टी घ्या आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात मोजा. पाचवी-सहावीतल्या मुलाचा वीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल. आता विचार करा. पातं जेवढं बाहेर यायचं, तेवढं आधी आत मावायला हवं. शिवाय ढकलायला स्प्रिंग हवी, धरून ठेवायला खटका हवा. घाव बसला की सगळा जोर त्या इवल्याशा खटक्यावर येणार. तो सुटला तर पातं उलटं आपल्याच हातात! आणि पातं बाहेर येताना तळहात मागे वाकवायला विसरलात, तर पहिली जखम तुम्हालाच. गेम करणाऱ्यांनाही हे सुचलं असावं. पहिल्या भागात अल्तैरला या पात्यापायी डाव्या हाताची अनामिका गमवावी लागलेली दाखवली आहे.

आपल्या इतिहासात मात्र लपवायचं एक खरंखुरं शस्त्र आहे. वाघनखं! त्यात ना स्प्रिंग, ना खटका. एक पोलादी पट्टी, तिला चार-पाच वाकडी नखं आणि दोन्ही टोकांना दोन अंगठ्या. एक अंगठी तर्जनीत, दुसरी करंगळीत. मूठ मिटली की नखं तळहातात गडप. बाहेरून दिसतात फक्त दोन अंगठ्या. साधं होतं, म्हणूनच भरवशाचं होतं.

आता आपल्या जिल्ह्याची आठवण. १६५९ साली विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार अफझलखान शिवाजी महाराजांवर चालून निघाला. वाटेत त्यानं आपल्या तुळजापूरला उपद्रव दिला, असं सभासद बखरीत आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी दोघांची भेट झाली. खानानं मिठीत राजांची मान दाबली आणि कट्यारीचा वार केला, असं ही बखर सांगते. मग राजांनी वाघनख आणि बिचवा चालवला.

पण मुलांनो, महाराज काय फक्त नखांमुळे वाचले? नीट पाहा. अंगरख्याखाली चिलखत होतं, म्हणून पहिला वार फुकट गेला. भेटीची जागा डोंगर-जंगलातली होती, तिथे खानाच्या मोठ्या फौजेचा काही उपयोग नव्हता. झाडीत मावळे दबा धरून होते. सय्यद बंडा धावून आला, तेव्हा जिवा महाला आडवा आला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण उगाच नाही पडली. राजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिमही होता. आणि लढाई संपल्यावर वैरही संपलं. खानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आजही आहे.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यानं ती विलायतेला नेली होती. ही नखं महाराजांचीच, असं त्या संग्रहालयानं छातीठोकपणे म्हटलेलं नाही. त्यांच्या पेटीवरच्या इंग्रजी मजकुरात तर खानाला मोगल सेनापती म्हटलंय! म्हणून जुन्या वस्तूवर काय लिहिलंय ते वाचावं, पण तपासूनही पाहावं.

आता थोडं कान धरून सांगतो. मधल्या सुट्टीत बाहीत पट्टी खोचून ‘खट्ट’ करणारी मुलं मी पाहिली आहेत. पट्टीपर्यंत ठीक आहे. पण पट्टीच्या जागी कर्कटक किंवा कटर आलं, तर खेळ संपला. समोर अफझलखान नसतो, आपल्याच बाकावरचा मित्र असतो. गेममध्ये हरलं की बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते. डोळ्याला तसं बटण नाही.

पालकांनो, गेम बंद करा म्हणून ओरडण्याआधी एकदा शेजारी बसून पाहा. आणि पोरांबरोबर दप्तरही एकदा मोकळं करा.

येत्या रविवारी घरच्यांना विचारा, वाघनखांची गोष्ट त्यांनी कुणाकडून ऐकली? त्यात जिवा महाला होता का? चिलखत होतं का? लिहून ठेवा आणि मला कळवा.

तुमचे,
गुरुजी