तास कमी, पण पॅराशूटचे काय?

संपादक महाशय,

जुने हलके विमान विकत घेण्याविषयीचा गेल्या अंकातला लेख वाचला. ‘इंजिनाचे तास कमी, म्हणजे सौदा चांगला’ हे काही पटले नाही. इथे अमेरिकेत मी असेच एक सीटीएलएस विमान पाहायला गेलो होतो. तास कमी, रंग झकास, मालकाची जीभ त्याहून गोड. पण अख्खे विमान अलगद खाली आणणाऱ्या पॅराशूटची मुदत केव्हाच उलटलेली! त्याची घडी साधारण ६ वर्षांनी नव्याने घालून घ्यावी लागते, रॉकेट १२ वर्षांनी बदलावे लागते. विमान हँगरमध्ये झाकून ठेवले म्हणून ही वर्षे थांबत नाहीत. त्यात रॉकेट म्हणजे ज्वालाग्राही माल, साध्या पार्सलने जात नाही. त्याच्या रोटॅक्स इंजिनाच्या रबरी नळ्याही दर ५ वर्षांनी बदलायच्या, उडा वा न उडा. आपत्कालीन ट्रान्समीटर निव्वळ १२१.५ मेगाहर्ट्झचा असेल, तर १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह त्याची हाक ऐकतच नाहीत.

एवढा खर्च किमतीतून वजा करा म्हटले, तर मालक हसून म्हणाला, ‘पॅराशूट लागतंय कुणाला?’

आपला,
एक वाचक, टेक्सास