हवेचे मान

हवामान हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, पण त्याच्या पोटात काय आहे हे सहसा पाहत नाही. त्यातली 'हवा' अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली आणि इथल्या 'माना'शी तिची गाठ पडली. हे मान म्हणजे माप. उष्णतामान, पर्जन्यमान, वयोमान यांतले जे मान, तेच हे. तेव्हा हवामान म्हणजे सरळ सरळ हवेचे माप. पण खिडकीतून आभाळाकडे पाहिले आणि छत्री घ्यायची की नाही हे ठरले, की बहुतेकांचे हवामान संपते. मापाशी कोणाला काही कर्तव्य नसते.

मराठीत हा 'मान' मोठा मौजेचा शब्द आहे. माप ते मान नपुंसकलिंगी, आदर तो मान पुल्लिंगी, आणि खांद्यावरची ती मान स्त्रीलिंगी. कुळे वेगळी, पण नांदतात एका घरात. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो पाहायचा असेल तर शब्दकोशापेक्षा एखाद्या चालू बांधकामावर जावे.

तिथे गवंड्याच्या पिशवीत ओळंबा असतो, गुण्या असतो, पाणसळ असते. भिंत उभी सरळ आली का, कोपरा काटकोनात आहे का, फरशी समतल बसली का, हे तो नजरेवर सोडत नाही. सिमेंटच्या गोण्या मोजून येतात, सळया वजनावर येतात, मजुरांची हजेरी मोजून लागते. मोजल्यावाचून जाते ती फक्त हवा. ज्या हवेत हा सारा व्याप चालतो ती हवा! वारा काय, तर 'जरा जास्त आहे'. ऊन 'मी म्हणते आहे'. आणि धूळ 'चालायचीच'.

आपल्याकडे हवा मोजण्याची रीत मुळीच नव्हती असे मात्र नाही. वापरात नसलेल्या विहिरीचा गाळ काढायचा असला, की जुनी माणसे आधी दोराला कंदील बांधून खाली सोडीत. कंदील तळापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरे. मध्येच विझला तर धनी कितीही घाई करो, माणूस उतरत नसे. या साध्या उपायात दोन गोष्टी होत्या. एक मोजणे आणि दुसरी मानणे. कंदिलाशी हुज्जत घालण्याची कोणाची छाती नव्हती.

कंदील अपुरा होता, हे खरेच. प्राणवायू बराच कमी झाल्यावर तो विझतो, आणि विषारी वायूची तर त्याला खबरही नसते. पेट घेणारा वायू असला तर कंदीलच घात करायचा. आज तळहातावर मावणारे यंत्र मिळते. चांगल्या हवेत शेकडा २०.९ भाग प्राणवायू असतो, तो १९.५ च्या खाली गेला, की हे यंत्र किंचाळू लागते. नाकावर विसंबण्यात अर्थ नाही, कारण सडक्या अंड्यासारख्या वासाचा जो वायू मैल्याच्या टाकीत साठतो, तो जास्त झाला की आधी वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो.

जुन्या टाकीचेच हे भय आहे असेही नाही. नुकत्याच बांधलेल्या, अजून वापरातही न आलेल्या टाकीची सेंटरिंगची लाकडे काढायला मजूर आत उतरतो आणि बाहेर येत नाही; त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. ओले लाकूड आणि कुजणारा कचरा बंद जागेतला प्राणवायू गुपचूप खाऊन टाकतात. कोरी करकरीत टाकी, तिथे कसला आलाय वायू, या समजुतीवर भरवसा ठेवून माणसे प्राणास मुकतात.

पण टाकी झाली बंद हवा. उघड्यावरची हवा तर वेधशाळा रोजच मोजते. मग बांधकामावर वेगळे यंत्र हवे कशाला? या शंकेला २६ जुलै २००५ या दिवसाने उत्तर देऊन ठेवले आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच मुंबईतील कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नाही. एका शहरातले हे अंतर! वाऱ्याचे तर विचारूच नये. वेधशाळा वारा मोजते तो मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर. तिसाव्या मजल्यावरचा वारा निराळा, आणि दोन मनोऱ्यांच्या फटीतून सुसाटणारा त्याहून निराळा. वेधशाळा शहराची हवा सांगते. कामावरची हवा कामावरच मोजावी लागते.

बरे, मोजून करायचे काय? आपल्या डोक्यावरच्या स्लॅबचेच उदाहरण घेऊ. 'सिमेंट वाळले' असे आपण म्हणतो. पण सिमेंट वाळून घट्ट होत नसते. पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट होते. वाळणे हा त्याचा शत्रू आहे. ओल्या स्लॅबच्या एका चौरस मीटरवरून तासाला सुमारे एक लिटर पाणी उडू लागले, तर तडे जाण्याचा धोका आहे असे समजून जपावे, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. हजार-अकराशे चौरस फुटांच्या स्लॅबवर हा हिशेब तासाला शंभर लिटरचा, म्हणजे दहा बादल्यांचा होतो. हे पाणी एकटे ऊन नेत नाही. हवेची उष्णता, खुद्द काँक्रीटची उष्णता, हवेतला ओलावा आणि वारा, असे चार भागीदार असतात. बाकी तिघे होते तसेच राहिले, तरी वारा पडलेला असताना जेवढे पाणी उडते, त्याच्या चौपट ताशी १५-१६ किलोमीटरच्या झुळकीत उडते. म्हणून वैशाखातला स्लॅब नीट निघतो आणि दिवाळीनंतरच्या सुरेख, कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी भरलेल्या स्लॅबवर संध्याकाळपर्यंत केसासारख्या चिरा उमटतात, असेही घडते. दोष सिमेंटला दिला जातो. मोजणारा असता, तर त्याने वाऱ्याला आडोसा केला असता किंवा पहाटे काम धरले असते.

आपल्या देशाची मानके याबाबत मुकी नाहीत. भरतेवेळी काँक्रीट ४० अंश सेल्सिअसहून गरम नसावे असे ती सांगतात. साध्या सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारावे, आणि हवा कोरडी व गरम असेल तर दहा दिवसांहून कमी नको, असेही सांगतात. आता हवा 'कोरडी आणि गरम' आहे हे ठरवणार कोण? मुकादमाचा रुमाल? शे-दोनशे रुपयांचा तापमापक आणि साधा आर्द्रतामापक एवढ्यावर हा वाद मिटतो.

काँक्रीटला जपायचे, मग ते ओतणाऱ्या माणसाला का नको? माणसाचे शरीर घामावर थंड होते, आणि घाम सुकणे हवेतल्या ओलाव्यावर ठरते. नागपूरला ४४ अंश उष्णता आणि ओलावा शेकडा २० असेल, तर ओली वात गुंडाळलेला तापमापक २५ अंशांच्या आसपास थांबतो. मुंबईला ३४ अंशच, पण ओलावा शेकडा ७० असेल, तर तोच २९ दाखवतो. नागपूरचा उन्हाळा सुखाचा, असा याचा अर्थ नव्हे. तिथे उन्हाची धग मारते आणि अंगातले पाणी आटते. अर्थ एवढाच, की साधा तापमापक अर्धीच हकीकत सांगतो. अमेरिकेत मरीन सैनिकांच्या पॅरिस आयलंड येथील तळावर कवायतीत उष्माघाताने तरुण पोरे कोसळू लागली, तेव्हा १९५०च्या दशकात यावर एक तोड काढण्यात आली. ओल्या वातीच्या तापमापकाला दहांपैकी सात भाग, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला दोन आणि सावलीतल्या साध्या तापमापकाला एक भाग वजन देऊन एकच आकडा काढायचा. तो ठरलेल्या रेषेपुढे गेला, की कवायत बंद. उष्माघाताचे प्रमाण उतरले. ते काही त्या गोळ्याने उतरले नाही. आकडा पाहून 'थांबा' म्हणणारा आणि तो शब्द पाळणारे होते, म्हणून उतरले. हाच आकडा आज जगभर मजुरांच्या कामाला लावतात.

वाऱ्याचेही तेच. आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेच्या रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचे भिरभिरे फिरवून वारा मोजण्याची युक्ती काढली. आजही उंच क्रेनच्या टोकावर तशा वाट्या फिरताना दिसतात. चारांच्या तीन झाल्या एवढाच फरक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून इथे अंदाज चालत नाही. १४ जुलै १९९९ रोजी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात एका स्टेडियमवर छपराचा सुमारे साडेचारशे टनांचा तुकडा एका अजस्र क्रेनने उचलला होता. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास होता आणि झोत ४० च्या वर जात होते. हे काही वादळ नव्हे. झुडपे डोलवणारा वारा तो. पण छपराचा तो रुंद तुकडा शिडासारखा वाऱ्यात सापडला. त्या तुकड्यावर वाऱ्याचा किती दाब येईल, याचा हिशेबच धरलेला नव्हता. क्रेन कोसळली. शेजारच्या क्रेनला टांगलेल्या पाळण्यात तीन कामगार होते, तिघेही गेले. वारा होता हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते? ठाऊक असणे आणि मानणे यांत हे एवढे अंतर असते.

राहता राहिली धूळ. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई महानगरपालिकेने बांधकामांसाठी नियम घातले. ७० मीटरांहून उंच इमारतीच्या कामाभोवती निदान ३५ फुटांचे पत्रे, इमारतीला हिरवे कापड किंवा गोणपाट, पाण्याचे फवारे, आणि हवेतली धूळ मोजणारे सेन्सर. नियम रास्त आहेत. दिवाळीच्या सुमारास पाऊस सरतो, कामांना भर येतो, आणि थंडीची हवा जमिनीलगत साचून राहते. म्हणजे धूळ वाढण्याच्या वेळीच तिची बाहेरची वाट बंद होते. देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणे एका घनमीटर हवेत बारीक धुळीचे चोवीस तासांचे प्रमाण १०० मायक्रोग्रॅमपर्यंत क्षम्य आहे. पण सेन्सर टांगला कुठे, हेही पाहिले पाहिजे. फाटकावरचा सेन्सर फाटकाची हवा सांगतो. आत ग्रॅनाइट कापणाऱ्याच्या नाकाशी काय चालले आहे, हे त्याला काय ठाऊक? दगड-काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची खरी घातक धूळ डोळ्यांना दिसत नाही. तिचे कण केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाहूनही लहान असतात. ते फुफ्फुसात बसले की निघत नाहीत, आणि त्यांनी जडणाऱ्या दम्यासारख्या दिसणाऱ्या रोगावर उतारा नाही. ही धूळ मोजायची तर कामगाराच्या कमरेला लहानसा पंप आणि गळपट्टीला गाळणी लावून त्याच्या श्वासाजवळची हवाच गाळून घ्यावी लागते. आणि टाळायची तर पात्यावर पाण्याची धार सोडणे, हा उपाय यंत्राहूनही स्वस्त आहे.

आता वाचक म्हणतील, हे सारे बिल्डराला सांगा. आम्ही पडलो घरे घेणारे. पण बिल्डराला घाई कोणाची असते? आपली. पुनर्विकासाच्या सभांत टाइल्सचा रंग, लिफ्टची कंपनी आणि पार्किंगचा नंबर यांवर रात्रीचे बारा वाजतात. स्लॅब कोणत्या हवेत भरला हे कोणी विचारत नाही. उलट, पाडव्याला ताबा मिळालाच पाहिजे म्हणून पत्रामागून पत्रे जातात. त्या पत्रांचे ओझे ऑफिसातून इंजिनियरकडे, इंजिनियराकडून मुकादमाकडे उतरत उतरत अखेर चाळिसाव्या मजल्यावर परांचीवर उभ्या असलेल्या माणसापाशी येते. भिरभिऱ्याच्या वाट्या गरगरत असतात, आकडा लाल झालेला असतो, आणि खालून हाक येते, 'अरे, एवढा एक उचल, मग थांब.'

म्हणून पुढच्या सभेत चार प्रश्न विचारावेत. कामावर वारा, उष्णता, ओलावा आणि धूळ रोज मोजली जाते का? त्याची वही आहे का? कोणत्या आकड्याला कोणते काम थांबते, हे फळ्यावर लिहिले आहे का? आणि ते थांबवण्याचा हक्क कोणाला आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतील. चौथ्याचे उत्तर देताना समोरचा जरा अडखळेल. तिथे त्याला सोडू नये. आणि थांबल्यामुळे ताबा पंधरा दिवस लांबला तर आमची तक्रार नाही, हेही त्याच सभेत लिहून द्यावे. आपण हवेच्या मानाला मान दिला नाही, तर मान जाते ती आपली नव्हे; आपले घर बांधणाऱ्याची.